कवळीधारी रुग्णाचे मुखविकार : परीक्षण, उपचार आणि आपली मर्यादा

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी मुखविकाराचा वृद्ध रुग्ण दंतवैद्याकडे पोहोचतो तो सर्वांत शेवटी. त्यापूर्वी तो औषधी दुकानात जाऊन ‘तोंड आलं जी, कायतरी द्या’ एवढेच सांगून मलमाची नळी किंवा गोळ्यांची पट्टी घेऊन गेलेला असतो. तीन-चार वेळा असे करूनही गुण आला नाही म्हणजे तो वैद्याची पायरी चढतो. वैद्य जिव्हा पाहतात, नाडी पाहतात, मलप्रवृत्ती विचारतात आणि पित्तप्रकोपाचे अनुमान करून खदिरादि वटी, कामदुधा, त्रिफळा असा परिचित योग लिहून देतात. योग चांगलाच असतो, परंतु रुग्णाच्या मुखात कवळी आहे काय, हा प्रश्न पुष्कळदा राहून जातो. रुग्णही आपण होऊन ते सांगत नाही, कारण दहा-बारा वर्षे वापरलेली कवळी त्याला आपल्या शरीराचाच भाग वाटू लागलेली असते.

या एका प्रश्नाच्या अभावी काय काय घडू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. कवळीमुळे होणारे बहुतेक त्रास साधे असून थोड्या उपायांनी बरे होतात. तथापि खर्रा आणि तंबाखू यांनी ग्रासलेल्या आपल्या भागात त्याच कवळीखाली क्वचित असाध्यतेकडे जाणारा व्याधीही दडलेला असतो, आणि तो वेळेवर ओळखला जाणे न जाणे हे बरेचसे आपल्यावर आणि औषधविक्रेत्या बंधूंवर अवलंबून राहते.

शास्त्रीय बैठक

सुश्रुताचार्यांनी ओष्ठ, दंतमूल, दंत, जिव्हा, तालू, कंठ आणि सर्व मुख अशा सात अधिष्ठानांत मिळून ६५ मुखरोग सांगितले. वाग्भटाचार्यांनी ही संख्या ७५ मानली. या प्रकरणांत कृत्रिम दंतपंक्तीमुळे होणाऱ्या विकारांचे स्वतंत्र वर्णन नाही, यात नवल ते काय? तेव्हा तशी वस्तूच सर्वसामान्यांच्या मुखात नव्हती. आजची गुलाबी ॲक्रिलिकची कवळी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रचारात आली. त्यामुळे कवळीखालच्या प्रत्येक विकाराला ६५ पैकी एखादे नाव चिकटवण्याचा अट्टहास आम्हांस योग्य वाटत नाही. नाव सापडले म्हणजे निदान झाले असे नव्हे.

मात्र विचार करण्याची रीत संहितांनी पुरेपूर दिलेली आहे. शरीराला व मनाला जे पीडा देते ते शल्य, ही व्याख्या येथे नेमकी लागू पडते. कवळी उत्तम बसली असेल तोवर ती उपकारक साधन आहे. ती बोचू लागली, हलू लागली किंवा मलिन झाली की तिला शल्यत्व येते. तिच्या घर्षणाने झालेला व्रण प्रथम आगंतु असतो, वेदना आधी आणि दोषवैषम्य नंतर. पुढे वृद्धावस्थेतील वात, अस्वच्छतेमुळे साठलेला क्लेद आणि कफ, तिखट व तंबाखू यांनी वाढलेले पित्त त्यात मिसळते आणि चित्र गुंतागुंतीचे होते. अशा वेळी केवळ दोषांची चिकित्सा करून शल्य जागेवरच ठेवले तर व्रण भरणार कसा? निदानपरिवर्जन हा चिकित्सेचा पहिला भाग येथे अक्षरशः हातात धरून बाहेर काढता येतो, ही सोय इतर फारच थोड्या व्याधींत असते.

परीक्षण

कवळीसहित मुख पाहणे म्हणजे पट्टी न सोडता जखम पाहण्यासारखे आहे. कवळी काढावयास लावावी, पाण्याने चूळ भरवावी आणि मगच प्रकाशात तालू, दोन्ही हिरड्या, गालांच्या आतील बाजू, जिव्हेच्या कडा आणि जिव्हेखालचा भाग पाहावा. शेवटच्या दोन जागा सर्वाधिक दुर्लक्षित राहतात. त्यासाठी जीभ स्वच्छ फडक्यात धरून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ओढावी. हातमोजा घालून व्रणाची कडा चाचपावी. ती मऊ आहे की कठीण, हे डोळ्यांना कळत नाही. हनुवटीखाली आणि मानेत गाठ आहे काय तेही पाहावे.

येथे एक अडचण येते. कवळी काढल्यावर चेहरा बसका दिसतो आणि वृद्धांना, विशेषतः स्त्रियांना, त्याचा फार संकोच वाटतो. ‘सून बसली हाये जी समोर, काढू कशी?’ असे आम्ही अनेक आजींकडून ऐकले आहे. अशा वेळी नातेवाइकांना बाहेर बसवावे, आजींच्या हाती पाण्याची वाटी द्यावी आणि आपण क्षणभर पाठ फिरवावी. एवढ्या सौजन्याने जे दिसते ते दहा प्रश्नांनी कळत नाही.

काढलेली कवळीही रुग्णाइतकीच लक्षपूर्वक पाहावी. आतील बाजूस बुळबुळीत थर आहे काय, कड तुटलेली वा घरी घासलेली आहे काय, दात झिजून सपाट झाले आहेत काय, डिंकासारखा पदार्थ चिकटवलेला आहे काय? त्यासोबत कवळी किती वर्षांची आहे, रात्री काढून ठेवतात काय, मधुमेह आहे काय, कोणती औषधे चालू आहेत आणि खर्रा, तंबाखू, मिश्री यांपैकी काय चालते, एवढे विचारावे. ‘व्यसन आहे काय’ असे विचारल्यास उत्तर नकारार्थीच येते. ‘दिवसाला खर्र्याच्या किती पुड्या लागतात’ असे विचारले की आकडा मिळतो.

बोचणारी कवळी आणि तिचा व्रण

नव्या कवळीने पहिल्या काही दिवसांत एखाद्या ठिकाणी व्रण होणे अपेक्षितच असते. दंतवैद्य ती जागा किंचित घासून देतात आणि व्रण भरतो. आपल्याकडील रुग्ण मात्र कवळी घेऊन गावी परततो आणि पुन्हा जात नाही. कापूस वेचणीचे वा तूर कापणीचे दिवस असले तर मुळीच नाही. मग तो घरीच कवळी कानशीने, काचेच्या तुकड्याने अथवा काचकागदाने घासतो. त्यामुळे कड धारदार होते, कवळीची पकड जाते आणि एका व्रणाचे तीन होतात. कवळी घासणे हे दंतवैद्याचेच काम आहे. वैद्यानेही ते करू नये.

जुनी कवळी का बोचू लागते, हे रुग्णास समजावून सांगणे आवश्यक असते, कारण ‘बारा वर्षं चांगली होती, आताच काय झालं?’ हा त्याचा प्रश्न रास्त आहे. कवळी बदललेली नसते, तिच्याखालचे हाड बदललेले असते. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षात वेगाने, नंतर मंदगतीने, परंतु ते थांबत मात्र नाही. टॉलग्रेन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पंचवीस वर्षांच्या निरीक्षणात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली. अस्थिक्षय आणि वातवृद्धी यांचा जो संबंध आपण मानतो, तो येथे प्रत्यक्ष दिसतो. वरची कवळी तालूला चिकटून बसते, खालच्या कवळीला तसा आधार नसतो, शिवाय जीभ तिला सतत हलवते. म्हणून दहातील नऊ तक्रारी खालच्या कवळीच्या असतात, असे म्हटले तरी वैद्यबंधूंना अतिशयोक्ती वाटणार नाही.

सैल कवळी वर्षानुवर्षे एकाच जागी घासत राहिल्यास गाल आणि हिरडी यांमधील खाचेत मांसाची घडी वाढते. ती मऊ, सुट्या कडेची आणि बहुधा वेदनारहित असते. रुग्ण तिला गाठ समजून घाबरतो किंवा उलट मुळीच लक्ष देत नाही. अशी घडी लेपाने विरत नाही. कवळी काही आठवडे बंद ठेवल्यावर ती आकसते, उरलेली शस्त्रकर्माने काढून तपासणीस पाठवावी लागते.

साध्या घर्षणव्रणात आम्ही पुढील क्रम ठेवतो. कवळी शक्य तितका वेळ बाहेर; जेवताना अगदीच अडले तर तेवढ्यापुरती आत. दिवसातून तीन-चार वेळा कोमट त्रिफळा क्वाथाने कवल, त्यानंतर व्रणावर यष्टिमधु घृताचे हलके प्रतिसारण. दाह अधिक असल्यास थंड केलेला यष्टिमधु क्वाथ अथवा गोदुग्धाचा गंडूष. आहारातून तिखट, खारट आणि आंबट काही दिवस वर्ज्य. एवढ्याने बहुतेक व्रण ७ ते १० दिवसांत भरतात. भरल्यावर तीच कवळी न सुधारता पुन्हा घातली की व्रण त्याच जागी उमटतो, म्हणून दंतवैद्याकडे पाठवणे हा उपचाराचाच भाग समजावा. जाण्यापूर्वी एक दिवस रुग्णाने कवळी थोडा वेळ घालावी. बोचण्याची खूण ताजी असेल तर दंतवैद्यास नेमकी जागा सापडते आणि दुसरी खेप वाचते.

लवंग तेलाविषयी स्वतंत्र सांगावेसे वाटते. दात दुखला की लवंग तेल, ही सवय इतकी रुळलेली आहे की कवळीच्या व्रणावरही तेच थेट लावले जाते. त्याने क्षणभर बधिरता येते आणि पाठोपाठ श्लेष्मल त्वचा भाजून पांढरी पडते. औषधविक्रेत्यांनी कवळीधारी ग्राहकास ते देऊ नये, अशी आमची विनंती आहे.

न दुखणारी लाली

वरची कवळी काढल्यावर तालूवर कवळीच्याच आकाराची लालभडक, मखमली लाली दिसते. कड इतकी रेखीव की कोणी ठसा उमटवला आहे असे वाटावे. रुग्णास विचारले तर तो म्हणतो, ‘काही त्रास नाही जी.’ हा विकार क्वचितच दुखतो, म्हणून तो शोधल्याखेरीज सापडत नाही. कवळीच्या सूक्ष्म छिद्रांत वाढणारी कॅन्डिडा जातीची बुरशी, अस्वच्छता आणि रात्रंदिवस कवळी घालून ठेवणे ही त्याची प्रमुख कारणे होत. मधुमेह आणि रक्ताल्पता असल्यास तो चटकन बळावतो. आपल्या परिभाषेत क्लेदप्रधान, कफपित्तानुबंधी मुखपाक म्हणता येईल.

येथे रोगाचे घर तालू नसून कवळी आहे, हे ध्यानात न घेतल्यास कितीही औषध दिले तरी तो परत येतो. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात बुडवून ठेवणे, हा अर्धा उपचार झाला. उरलेल्या अर्ध्यासाठी त्रिफळा आणि दारुहरिद्रेच्या क्वाथाचा कवल, तसेच शुद्ध टंकण मधातून अत्यल्प मात्रेत बोटाने लावून नंतर थुंकणे, याचा आम्हांस उपयोग झालेला आहे. हळद वा खदिर यांचा कवल असला तर कवळी बाहेर ठेवावी, नाही तर ती रंगते आणि रुग्ण औषधच सोडतो. दोन आठवड्यांत लाली ओसरली नाही तर बुरशीनाशक औषधासाठी दंतवैद्याकडे पाठवावे आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. पुष्कळदा मधुमेहाचा पहिला सुगावा अशाच मुखात लागतो.

रात्री कवळी काढण्याचा आग्रह केवळ तोंडापुरता नाही. टोकियोतील ८५ वर्षांवरील ५२४ वृद्धांच्या पाहणीत, कवळी घालून झोपणाऱ्यांत फुप्फुसदाहाचा धोका दुपटीहून अधिक आढळला. ही पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. कवळीवरील मळ झोपेत लाळेबरोबर श्वासमार्गात उतरतो, हे त्याचे संभाव्य कारण. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत त्यांना हे अवश्य सांगावे.

स्वच्छतेबाबत थोडक्यात. कवळी मऊ ब्रशने, साध्या साबणाने आणि गार पाण्याने धुवावी. राख, मंजन, मीठ, मिश्री, खरखरीत टूथपेस्ट यांनी ती ओरखडली जाते आणि त्या ओरखड्यांत मळ आणखी साठतो. उकळत्या पाण्यात टाकल्यास ती वाकते व नंतर बसत नाही. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे वा टॉवेल ठेवावा; आमच्याकडे येणाऱ्या तुटक्या कवळ्यांतील बऱ्याच न्हाणीघराच्या फरशीवर पडून तुटलेल्या असतात. धातूचे आकडे असलेल्या कवळीला ब्लीचिंगचे द्रावण लावू नये, ते गंजतात. सुकी ठेवल्यास कवळीचा आकार बदलतो, म्हणून बाहेर असताना ती पाण्यातच हवी.

ओष्ठकोन आणि शुष्कता

तोंडाचे दोन्ही कोपरे चिरणे, तेथे लाळ साचून पांढरट ओल राहणे, ही तक्रार जुन्या कवळीच्या रुग्णांत फार. कवळीचे दात झिजले आणि हाड खचले की नाक आणि हनुवटी यांमधील अंतर कमी होते, ओठांच्या कोपऱ्यांत घडी पडते, तीत लाळ मुरते आणि बुरशी वाढते. नुसते जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर भागवणे पुरेसे नाही. मात्र पांडुरोग शोधलाच पाहिजे. नखे, डोळ्यांची पापणी पाहावी, हिमोग्लोबिन तपासावे आणि गरजेनुसार लोहकल्प द्यावेत. स्थानिक शतधौत घृताने चिरा मऊ राहतात, तथापि कायमचा उपाय कवळीची उंची सुधारण्यातच आहे.

तोंड कोरडे पडणे हे कवळीधारी रुग्णास दुहेरी संकट असते. लाळेच्या पातळ थरामुळेच कवळी धरून राहते आणि घर्षण कमी होते. लाळ आटली की कवळी निसटते आणि टोचतेही. वार्धक्य हे कारण आहेच, परंतु आजच्या रुग्णांत लघवीची, रक्तदाबाची, सर्दीची, झोपेची आणि मानसिक विकारांची काही औषधेही तितकीच कारणीभूत असतात. औषधांची यादी पाहून मूळ चिकित्सकास चिठ्ठी लिहावी. आपण होऊन ती औषधे बंद करू नयेत. चरकाचार्यांनी तैलगंडूषाचे जे गुण सांगितले, हनुबल, रुचि, ओष्ठ न फुटणे आणि कंठशोष न होणे, ते या रुग्णांसाठीच सांगितले असावेत असे वाटते. कवळी काढून कोमट तिळतेलाचा गंडूष सकाळी धरावा, नंतर तोंड स्वच्छ करून मगच कवळी घालावी. पक्षाघात झालेल्या, गिळताना ठसका लागणाऱ्या रुग्णास मात्र मुख भरून गंडूष कदापि देऊ नये. त्यास तेल बोटाने लावणेच सुरक्षित.

दुकानाच्या फळीवरून

औषधविक्रेत्यांसाठी काही गोष्टी स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते. कवळी चिकटवण्याची पावडर व पेस्ट आता तालुक्याच्या दुकानांतही मिळते. नीट बसणाऱ्या कवळीला तिचा थोडा आधार घेण्यास हरकत नाही. परंतु जो ग्राहक महिन्याला एक नळी संपवतो, त्याची कवळी बदलण्यास झालेली आहे. जस्तयुक्त पेस्ट दीर्घकाळ अतिप्रमाणात वापरल्याने शरीरातील तांबे कमी होऊन मज्जातंतूंचे विकार झालेले रुग्ण परदेशांत नोंदले गेले, आणि २०१० मध्ये एका मोठ्या कंपनीने आपल्या जस्तयुक्त पेस्टचे उत्पादन थांबवले. वेष्टनावरील घटक वाचूनच माल ठेवावा.

तोंडाच्या व्रणावर सर्रास विकल्या जाणाऱ्या मलमांपैकी काहींत स्टिरॉइड असते. त्याने लाली व वेदना मावळते, बुरशी मात्र वाढते, आणि संशयास्पद व्रणही काही दिवस सौम्य भासतो. हा धोका सर्वांत मोठा. बधिर करणारे जेल लावून तीच कवळी दिवसभर वापरली तर रुग्णास वेदनेची सूचनाच मिळत नाही. बुरशीवरील मायकोनाझोलचे मुखजेल वॉरफेरिन घेणाऱ्या हृदयरुग्णास देऊ नये. त्याने रक्त पातळ करण्याचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. हृदयाची झडप बदललेला रुग्ण हे औषध बहुधा घेत असतोच, तेव्हा विचारण्यास दोन शब्द पुरतात.

बाजारात, यात्रेत बसून एका बैठकीत दात बसवून देणारे कारागीर अजूनही आढळतात. ते तोंडातच ॲक्रिलिक कालवून उरलेल्या नैसर्गिक दातांना घट्ट चिकटवतात. अशी कवळी काढता येत नाही, तिच्याखाली अन्न कुजते, हिरड्यांतून पू येतो आणि चांगले दातही हलू लागतात. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने हा व्यवसाय नोंदणीकृत दंतवैद्यांपुरता मर्यादित केला आहे. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेत शालाक्य विषयातील पदव्युत्तर वैद्यांना दातांसंबंधी काही कर्मे मोकळी झाली आणि त्यावर बराच वादही झाला. परंतु कवळी घडवणे वा दुरुस्त करणे हे आपल्या पदवीचे काम नव्हे, याविषयी संभ्रम नसावा.

खर्र्याच्या मुलखातील कवळी

आता मुख्य मुद्दा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला खर्रा आपल्या विदर्भात किती खोल रुजला आहे, हे येथील वैद्यांना सांगावयास नको. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी घोटण्याचा आवाज थांबला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूप्रमाणेच सुपारीलाही मानवात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य म्हणून २००४ मध्ये जाहीर केले. म्हणजे ‘तंबाखू सोडली, नुसती सुपारी खातो’ हे समाधान फसवे आहे.

दात गेले तरी खर्रा जात नाही. कवळी घालून तो चघळला जातो, किंवा कवळी काढून हिरडी व गाल यांमध्ये गोळी धरली जाते. यातून दोन प्रसंग उद्भवतात. पहिला, मुख उघडेनासे होणे. सुपारीने गालाखालच्या थरात तंतू वाढून गाल पांढुरका, ताठ व पट्ट्यासारखा होतो. तोंडात रुग्णाचीच तीन बोटे उभी शिरत नसतील तर कवळी घालता-काढता ओठ फाटतात. असा रुग्ण ‘कवळी मोठी झाली’ अशी तक्रार घेऊन येतो. कवळी तेवढीच असते, तोंड लहान झालेले असते. तिळतेलाचा गंडूष, हळूहळू मुख उघडण्याचा व्यायाम यांनी थोडा आराम पडतो, परंतु हा विकार कर्करोगाची पूर्वपीठिका मानला जातो, म्हणून त्यावर तज्ज्ञाची नजर हवीच.

दुसरा प्रसंग अधिक घातक. कवळीच्या कडेला व्रण आहे, रुग्णास वाटते कवळी टोचली, दुकानदारास वाटते तोंड आले, आणि प्रत्यक्षात तो व्रण अर्बुदाचा असतो. दोन्ही एकाच खाचेत, एकाच कडेला होऊ शकतात, आणि आरंभी दोन्ही सारखेच दिसतात. कधी कधी तर वेदना घर्षणव्रणात अधिक आणि अर्बुदात कमी असते, त्यामुळे रुग्ण निर्धास्त राहतो. तालुक्यातील एका साठी उलटलेल्या शेतकऱ्याची हकिगत येथे नमूद करतो. खालच्या कवळीच्या डाव्या कडेला व्रण झाला म्हणून त्यांनी चार महिने निरनिराळ्या दुकानांतून मलमे घेतली. मधे कवळीही स्वतः घासली. आमच्याकडे आले तेव्हा व्रण आकाराने रुपयाएवढाच होता, पण कडा उंच आणि हाताला कठीण लागत होत्या आणि जबड्याखाली एक न हलणारी गाठ होती. त्यांना औषध न देता त्याच दिवशी यवतमाळला पाठवले. तुकडा तपासणीत कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रकर्म झाले, जबड्याचा भाग गेला. चार महिन्यांपूर्वी हाच व्रण कोणी एकाने कवळी काढवून चाचपला असता तर काय झाले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

यास्तव एक नियम आम्ही कटाक्षाने पाळतो, आणि दंतवैद्यकही तोच सांगते. कवळी पूर्ण बंद ठेवून दोन आठवड्यांत जो व्रण भरत नाही, तो घर्षणाचा नव्हे असे धरून चालावे आणि तुकडा तपासणीसाठी पाठवावा. कडा कठीण असेल, सहज रक्त येत असेल, पांढरा वा लाल चट्टा पुसून जात नसेल, ओठ वा हनुवटी बधिर होत असेल, मानेत गाठ असेल, तर दोन आठवडेही थांबू नये. कवळी चालूच ठेवून मोजलेले पंधरा दिवस हे पंधरा दिवसच नव्हेत, हेही ध्यानात असावे.

पाठवावयाचे कोठे, हा प्रश्न व्यवहाराचा आहे. सुमारे ४० किलोमीटरवर यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुढे नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी शकुंतला बंद पडली, आता एसटीचाच आधार. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य झाला, स्त्रियांना मार्च २०२३ पासून अर्धे भाडे. हे घरच्यांना ठाऊक असतेच असे नाही. ‘पैसे नाहीत’ हे कारण पुढे आले की आम्ही तिकिटाचीच गोष्ट आधी काढतो. नव्या कवळीसाठी खर्च झेपत नसल्यास केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना द्यावयाच्या साधनांत कृत्रिम दंतपंक्तीचाही समावेश आहे. पंचायत समितीत त्याची चौकशी करून द्यावी.

आहाराविषयी फार लिहीत नाही, कारण ते घरोघरी ठाऊक आहे. एवढेच की कवळी दुखू लागली की वृद्ध मनुष्य भाकरी, डाळ, भाजी सोडून चहात बुडवलेल्या टोस्टवर राहतो, आणि महिन्याभरात अंगातील बळ जाते. व्रण भरेपर्यंत ज्वारीच्या कण्या, मऊ खिचडी व तूप, घोटलेले वरण, ताक, शिजवून कुस्करलेली भाजी असा भरीव पण मृदू आहार लिहून द्यावा. आंबील थंड करून द्यावी, आंबट नको. यात्रेतले रोडगे आणि हुरडा नव्या कवळीसाठी नव्हेत. सवय झाल्यावर लहान घास दोन्ही बाजूंनी सारखे चावून घेतले तर त्यांनाही बहुतेक जण पोहोचतात.

शेवटी दुकान आणि चिकित्सालय यांस जोडणारी एक साधी पद्धत सुचवतो. मुखव्रणाचे कोणतेही औषध प्रथम देताना वेष्टनावर पेनाने तारीख घालावी आणि ‘कवळी आहे’ किंवा ‘नाही’ असे एक अक्षर लिहावे. तेच वेष्टन घेऊन ग्राहक पुन्हा आला आणि मधे पंधरा दिवस उलटले असतील, तर तिसरे औषध न देता त्यास वैद्याकडे वा दंतवैद्याकडे धाडावे. वैद्याने पाठवतानाच्या चिठ्ठीत पाच गोष्टी लिहाव्यात : व्रणाची नेमकी जागा, प्रथम आढळल्याची तारीख, कवळी किती दिवस बंद होती, खर्रा-तंबाखू किती वर्षे, आणि चालू औषधे. कवळी घरी ठेवू नये, डबीत पाण्यासह सोबतच न्यावी. ती पाहिल्याशिवाय दंतवैद्यास काही ठरवता येत नाही. चिठ्ठीची एक प्रत आपल्याकडे ठेवावी आणि आठ दिवसांनी त्या घरी निरोप धाडून रुग्ण गेला की नाही, एवढे विचारून घ्यावे.